उधाणाच्या दिवशीची यादी

केसरचा आवाज ऐकायचा तर कोळीवाड्यात एक तरी लग्न बघायला हवं. किहीमच्या पुढे, खाडीच्या तोंडावर हा दीडशे घरांचा वाडा. तिथं भटजी उशिरा आला तर चालतं, बँडवाले आलेच नाहीत तरी कुणाचं अडत नाही. पण केसर आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. केसर धवलारीण आहे. लग्नाचे विधी लावायचे, प्रत्येक विधीचा धवला गायचा, आधी देवांना बोलवायचं आणि देव येऊन बसले की त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. तिनं नाव घेतलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस त्या गेलेल्याच्या वतीनं ‘आला’ किंवा ‘आली’ अशी ओ देतं. ओ मिळाली की ती पुढचं नाव घेते. एकही नाव सुटायचं नाही, सुटलेलं माणूस दारात ताटकळत राहतं, असं तिला सासूनं शिकवलं होतं.

आणि त्याच सासूनं तिला एक नाव सोडायला लावलं होतं. बघा आता!

ते नाव विनेशचं. विनेश केसरचा पहिला मुलगा. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. सहा महिन्यांचा झाला आणि पांढरा पडायला लागला. हातापायांच्या काड्या, पोट मात्र फुगलेलं. अलिबागला नेलं, तिथं रक्त चढवलं, चार आठवडे पोर हसलं-खेळलं आणि परत जैसे थे. मग भगत झाला, कोंबडं झालं, नवस झाले. दोन वर्षं चार महिन्यांचा होऊन पोर गेलं. ह्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. त्या दिवशी सासू चंद्राबाई भर अंगणात म्हणाली, “हिच्या कुशीतच खोट हाय.” झालं! त्या दिवसापासून केसर पांढऱ्या पायाची ठरली. तिचा नवरा तुळशीराम, बोटीवरचा तांडेल, भर तुफानात चार माणसांना हाकारून कामाला लावणारा गडी, तो आईपुढे मिठाची गुळणी धरून बसला. पुढे चंद्राबाई थकली, तिनं धवले केसरला शिकवले, पण बजावून ठेवलं की त्या पोराचं नाव मांडवात घ्यायचं नाही, शुभकार्यात तसलं नाव नको. केसर तेव्हा हो म्हणाली. त्या होकाराचा राग तिला अजून येतो.

विनेशनंतर सहा वर्षांनी हेमांगी झाली. नऊ महिने केसरनं जीव मुठीत धरला होता आणि त्यापुढे दोन वर्षं रोज सकाळी पोरीच्या डोळ्यांच्या खालची पापणी ओढून लाली बघायची. पोरीला काही झालं नाही. वाढली, अलिबागला कॉलेज केलं, आता तिथंच एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. मागच्या दिवाळीत वरच्या आळीतल्या धनेशशी तिचा साखरपुडा झाला. पोरगा स्वतःच्या बोटीवर जाणारा, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. वैशाखातली तारीखही धरली होती.

आणि मग पौषात तो कॅम्प आला.

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची माणसं. गावोगाव रक्त तपासत फिरत होती. दिवस त्यांनीच ठरवला, आणि निवडली नेमकी पौर्णिमा. समुद्र माहीत असणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता. पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, आणि पाण्यात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यांत मासळी शिरते ती त्या ओढीनंच. त्या दिवसांत गावातला जवळजवळ सगळा तरणा पुरुष पाण्यावर असतो. शाळेच्या पडवीत टेबलं मांडली तेव्हा गावात होत्या बायका, पोरी आणि गुडघे धरून बसलेले म्हातारे. चाळिशीच्या वरचं रक्त नको होतं. त्रेसष्ट जणींनी दंड पुढे केले, घरी राहिलेल्या दोन-तीन पोरांनी टाळलं. “हिमोग्लोबिन बघतोय,” एवढं सांगून इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या आणि माणसं गेली.

वीस दिवसांनी मच्छीमार सोसायटीच्या पत्त्यावर मोठं पाकीट आलं. सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ. माणूस देवभोळा, सरळ, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण त्यांचा एक नेम आहे: सोसायटीत आलेला कागद फळ्यावर लागलाच पाहिजे. डिझेलचा कोटा फळ्यावर, परवान्याची मुदत फळ्यावर, पाणी सुटायची वेळ फळ्यावर, मयताची बातमी फळ्यावर. एकदा कुणाचीतरी लग्नपत्रिका चुकून सोसायटीत आली, तीही लावली. ज्याचा कागद त्याला कळला नाही असं होऊ नये, ह्याची त्यांना फार धास्ती. त्यांनी पाकीट उघडलं, वरचं इंग्रजी पत्र बाजूला ठेवलं आणि आतली नावं मराठीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. वर लिहिलं, ‘रक्तात थॅलेसेमिया दोष आढळलेल्यांची यादी’. अकरा नावं. गावात दोन हेमांगी आहेत, उगीच दुसरीला त्रास नको, म्हणून बापाचं नाव आणि आळीसुद्धा घातली. चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचल्या आणि समाधानानं चहाला गेले.

अकराच्या अकरा नावं बायकांची. तिसरं नाव हेमांगीचं.

दुपारपर्यंत सगळ्या वाड्याला अर्थ कळला होता, म्हणजे जो त्यांनी लावला तो. आमच्या गावात पोरींच्या रक्तात काहीतरी उतरलंय. बाप्यांत नाही, एकाही बाप्याचं नाव नाही, बघा यादी. एकीला नवऱ्यानं माहेरी धाडलं. दुसरीच्या सासूनं तिच्या हातचं पाणी बंद केलं. अहो, हे मोबाइलवर अमेरिकेशी बोलणारे लोक बरं का!

केसर यादी बघायला गेली आणि तिनं ती टर्रकन फाडली. दिनानाथ बाहेर आले.

“केसरवहिनी, सोसायटीची नोटीस फाडता येत न्हाय. काढायची तर ठराव लागतो.”

“कसला ठराव? माझ्या पोरीचं रक्त टांगताना ठराव केला होतास?”

दिनानाथांनी आत जाऊन दुसरी प्रत आणली आणि तिथंच लावली. ते नेहमी दोन प्रती काढतात.

तिसऱ्या दिवशी धनेशची आई वेणूबाई खळ्यावर आली. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. बांबूंच्या उंच वलांड्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले. वीस-पंचवीस बायका कामाला होत्या. वेणूबाईला घरी येऊन बोलता आलं असतं. नाही, तिला ऐकवायचंच होतं.

“केसर, आमच्याकडून हे लग्न मोडलं समज. पोर चांगली हाय तुझी, पण रक्तात खोट घेऊन आमच्या घरात नको. मना नातवंडं धडधाकट हवीत.”

केसर हातातली बोंबलांची जोडी टांगत होती, ती टांगून झाल्यावर वळली. “धनेशचं रक्त बघितलं?”

“त्याचं कशाला? त्याला काय झालंय? घोड्यासारखा हाय माझा पोर.”

“हेमांगीला तरी काय झालंय?”

“आता तोंड उघडायला लावू नको,” वेणूबाई म्हणाली. “तुझा पहिला पोर कशानं गेला ते आता कागदावर आलंय. तुझ्याकडून तुझ्या पोरीकडं गेलं. चंद्राबाय खोटं बोलत नव्हती.”

एरवी केसरनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण विनेशचा विषय निघाला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. बायका मान खाली घालून बोंबील लावत राहिल्या. वेणूबाई गेली. केसरनं उरलेली पाटी संपवली, हात धुतले आणि घरी येऊन लेकीला म्हणाली, “उद्या सुट्टी टाक. ज्यानं रक्त नेलं त्याच्याकडं जायचं.”

संस्थेचं एक ऑफिस अलिबागला होतं. तिथं डॉक्टर रचना भेटल्या, तिशीतली बाई, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर झोप कमी पडल्याच्या खुणा. केसरनं खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली. यादी, फळा, मोडलेलं लग्न, सगळं एका दमात. फळ्याचं ऐकून डॉक्टरबाई पांढऱ्याफटक पडल्या.

“फळ्यावर? मावशी, आम्ही पत्रात लिहिलं होतं, प्रत्येकीला एकटीला बोलावून तिचा कागद तिच्याच हातात द्यावा.”

“पत्र कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“मग समुद्रात टाकलं असतं तरी चाललं असतं.”

डॉक्टरबाईंनी चूक कबूल केली, हे केसरला आवडलं. तेव्हा कुठं ती बसली. मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. हेमांगीला आजार नाही. तिच्या अंगात एक जनुक सदोष आहे, एवढंच. ती म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहील. प्रत्येक गोष्टीची दोन जनुकं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एक सदोष असलं तरी दुसऱ्यावर भागतं.

“बोटीचे दोन नांगर,” केसर म्हणाली. “एकाचा दोर कुजका असला तरी बोट जागची हलत न्हाय.”

“अगदी तसंच. दोन्ही दोर कुजके असले, तरच मूल आजारी होतं. सहा महिन्यांचं झालं की पांढरं पडतं, पोट फुगतं…”

केसरनं त्यांना पुढे बोलू दिलं नाही. तिनं विनेशचं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं ते कुणाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, हेमांगीलासुद्धा नाही. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. पण तोच आजार असेल, मावशी, तर एक दोर तुमच्याकडून आला आणि एक तुमच्या मालकांकडून.”

“मालकांकडून?”

“हो.”

“म्हंजे एकटीकडून होतच न्हाय?”

“एकटीकडून होऊच शकत नाही.”

हेमांगीनं केसरच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला. तिला रडायचं नव्हतं. तिला चंद्राबाईला त्या क्षणी चितेवरून उठवून समोर बसवायचं होतं.

उठता उठता तिनं विचारलं, “आमच्या पोरींचं उरलेलं रक्त कुठं हाय?”

“मुंबईला. पुढच्या संशोधनासाठी ठेवलंय. फॉर्मवर सही आहे.”

“मी सही केली ती हिमोग्लोबिनसाठी,” हेमांगी म्हणाली. “मी औषधांच्या दुकानात काम करते, तरी मला तो फॉर्म कळला नाही. बाकीच्या बायकांना काय कळणार?”

“आधी विचारायचं, मग घ्यायचं,” केसर म्हणाली. “परत या तुम्ही. मराठीत विचारा. जी हो म्हणंल तिचं ठेवा, बाकीच्यांचं टाकून द्या. आणि येताना अष्टमीला या. भांगाचे दिवस असतात, पाणी मेलेलं असतं, सगळे बाप्ये घरी असतात. मग बघू यादीत कोण कोण येतंय ते.”

डॉक्टरबाईंनी डायरीत अष्टमी लिहून घेतली.

तुळशीरामला तिनं घरी येऊन एवढंच सांगितलं, “उद्या अलिबागला चला. रक्त द्यायचंय.” कशाला ते त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं गेली. आठवड्यानं दोघांचे कागद आले. दोघांच्याही कागदावर तेच. केसरनं त्याचा कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

“वाचा.”

“वाचला.”

“तीस वर्षं तुमच्या आईनं मना खाल्ली. गावानं खाल्ली. तुम्ही शेजारी बसून ऐकलंत.”

तुळशीराम कागदाकडे बघत राहिला. “मना कुठं म्हाईत होतं गो?”

“मना तरी म्हाईत होतं का? मना म्हाईत नव्हतं तरी मी खाल्ल्या ना शिव्या! तुम्ही एकदा बोलायचं होतंत, पोर दोघांचं हाय म्हणून. त्याला काय रक्त तपासायला लागतं?”

तुळशीराम उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. केसरला वाटलं, झालं, पळाला नेहमीसारखा. पण हेमांगी मागून धावत आली, “आये, बाबा सोसायटीत गेलेत!” तेव्हा तीही पदर खोचून निघाली.

सोसायटीत बर्फाच्या गाडीची वाट बघत पंधरा-वीस जण उभे होते. तुळशीरामनं दिनानाथांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि फळ्यासमोर उभा राहिला. अकराव्या नावाखाली बारा आकडा घातला. तांडेलाला लिहायची सवय नाही, वेळ लागला. तुळशीराम, बापाचं नाव, खालची आळी. सगळं दिनानाथांनी घातलं होतं तसंच.

“तांडेल, काय करताय?” कुणीतरी म्हणालं.

तुळशीराम वळला. “माझा विनेश माझ्यामुळं पण गेला. एकट्या केसरमुळं न्हाय. कागद हाय माझ्याकडं, बघायचा असंल त्यानं या.”

कुणी पुढे आलं नाही. केसरनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि तेराव्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. मग ती दिनानाथांकडे वळली. “आमची दोन आम्ही लिहिली, ती आमच्या मर्जीनं. वरची अकरा कुणाच्या मर्जीनं?”

दिनानाथांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि ठराव वगैरे काही न करता चारही टाचण्या स्वतःच्या हातानं काढल्या. कागदाची घडी घालून केसरला दिली. “वहिनी, मना खरंच वाटलं सगळ्यांना कळलेलं बरं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. केसर त्यांना आणखी चार गोष्टी सुनावणार होती, पण राहू दिलं.

तुम्हाला वाटेल, एवढ्यानं गाव सुधारलं. कसलं डोंबल! अष्टमीच्या कॅम्पचं कळल्यावर बाप्ये म्हणाले, आम्ही काय पोरी आहोत रक्त बघून घ्यायला? तांडेलाचं डोकं फिरलंय, बायकोच्या तालावर नाचतोय. तेव्हा केसरनं हुकमाचं पान टाकलं. लग्नसराई तोंडावर होती, गावात सात लग्नं धरलेली. तिनं खळ्यावर उभं राहून सांगितलं, नवऱ्या मुलानं रक्त तपासल्याशिवाय मी कुणाच्याही मांडवात धवला म्हणणार न्हाय. पलीकडच्या वाड्यात तिचीच शिकवलेली कोकिळा धवलारीण आहे. तिच्याकडे माणसं गेली, तर ती म्हणाली, आधी केसरमावशीला विचारून या.

घरी आल्यावर हेमांगी म्हणाली, “आये, हे चुकतंय तुझं.”

“काय चुकतंय?”

“त्यांनी न विचारता आमचं रक्त फळ्यावर लावलं. तू लग्न अडवून दुसऱ्यांचं रक्त काढायला लावतेस. मग फरक काय राहिला?”

केसरला राग आला. खूप आला. लेकीला बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण पोरगी बरोबर बोलत होती. दुसऱ्या दिवशी ती परत खळ्यावर उभी राहिली. असं परत उभं राहणं तिला अजिबात आवडत नाही.

“काल मी रागानं बोलले. आता नीट ऐका. ज्या घरात पोरीचं रक्त कुणी विचारत न्हाय, तिथं मी पण कुणाचं विचारणार न्हाय. सुखानं लग्न करा, मी येईन. पण ज्यानं पोरीच्या रक्ताचा विषय काढला, त्यानं आधी आपल्या पोराचं बघायचं. न्हायतर माझा धवला त्या दारात चढणार न्हाय. आणि कागदावर काय आलं ते मना सांगू नका. कुणालाच सांगू नका. ज्याचं त्याच्याजवळ.”

सात घरांपैकी किती घरांनी पोरीच्या रक्ताचा विषय काढला होता? पाच. मोडलेलं आठवं वेगळंच.

माघातली अष्टमी आली. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, बाप्ये जाळी शिवत बसलेले. डॉक्टर रचना ह्या वेळी मराठी फॉर्म घेऊन आल्या आणि प्रत्येकाला वाचून दाखवत होत्या. ज्या बायकांनी पहिलं रक्त संशोधनाला ठेवायला नाही म्हटलं त्यांची नावं वेगळी लिहून घेत होत्या. बायकांची गर्दी झाली. रांगेत बाप्या मात्र एकही नाही.

धनेश आधी केसरच्या दारात आला. हेमांगी बाहेर आली.

“मना बोलायचंय,” तो म्हणाला.

“माझं नाव फळ्यावर लागलं त्याला पंधरा-वीस दिवस झाले. तेव्हा कुठं होतास?”

“उधाण होतं. बोटीवर होतो.”

“बोटी किनाऱ्याला लागतात रे, धनेश. फोनला रेंज पण येते.”

तो मान खाली घालून उभा राहिला. “आईपुढं बोलायची हिंमत झाली न्हाय.”

आतून केसर ऐकत होती. हेच वाक्य तिला तीस वर्षांपूर्वी कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं.

“आता झालीय?” हेमांगीनं विचारलं.

धनेश तसाच वळला आणि शाळेकडे चालू लागला. वेणूबाई पडवीसमोरच उभी होती, कोण कोण येतं ते बघायला. पोराला रांगेत बघून ती ओरडली, “धनेश, घरी चल! तुला काय धाड भरलीय?” “बघू तर दे, भरलीय का ते,” असं म्हणून त्यानं बाही वर केली. मग पाच नवरदेव आले, त्यांच्यामागून त्यांचे भाऊ आले, आणि दुपारी तर म्हातारा तुळशीराम रांग लावत होता.

ह्या वेळी कागद बंद पाकिटांत आले आणि दिनानाथांनी स्वतः घरोघर जाऊन ज्याच्या त्याच्या हातात दिले. एवढं मात्र खरं, की यादीत फक्त पोरीच असतात असं त्यानंतर कुणी म्हणालेलं नाही. माहेरी धाडलेली सून नवरा स्वतः जाऊन घेऊन आला, तोंड अगदी एवढंसं करून.

धनेशनं आपलं पाकीट न फोडता हेमांगीकडे आणलं. भर उन्हात दोघं उलट्या घातलेल्या होडीवर बसली आणि दोघांनी मिळून ते फोडलं. वाचलं. बराच वेळ बोलत बसली. मग दोघं अलिबागला जाऊन डॉक्टर रचनांना भेटून आली आणि हेमांगीनं घरी येऊन सांगितलं, “आम्ही लग्न करणार आहोत.”

कागदात काय होतं? तुम्हाला कशाला हवंय? केसरलाही ते माहीत नाही, तिनं विचारलं नाही. म्हणजे जिभेवर दहादा आलं, दहादा गिळलं. एकदाच तिनं विचारलं, “पुढं काही अवघड निघालं तर?” हेमांगी म्हणाली, “पोटातल्या बाळाचं तिसऱ्या महिन्यात तपासता येतं. तपासायचं की नाही, आणि पुढं काय करायचं, ते आम्ही दोघं ठरवू. तू नाही आणि सासूबाई तर नाहीच.” केसरला ते झोंबलं. आणि मनातून बरंही वाटलं.

वेणूबाईनं घरी निरोप धाडला, झालं गेलं विसरा. केसरनं उलटा निरोप दिला, मोडलंस खळ्यावर, जोडायचं तर खळ्यावरच ये. दोन दिवस वेणूबाई आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. पंचवीस बायकांसमोर म्हणाली, “चुकलं माझं. तुझ्या पोराचं नाव मी तसं घ्यायला नको होतं.” केसरनं तिच्या हातात बोंबलांची पाटी दिली आणि दोघींनी एक वलांडी मिळून भरली. बोलल्या मात्र नाहीत.

वैशाखात मांडव पडला. नवरीच्या आईनं नवरीपाशी बसावं, धवला कोकिळानं म्हणावा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. केसरनं ते उडवून लावलं. सकाळी हळदीच्या आधी ती पाटासमोर बसली आणि आवाज लावला. देव आले. मग घरातले गेलेले. तुळशीरामचा आजा, तुळशीरामचा बाप. तुळशीराम प्रत्येकाला ओ देत होता, “आला.” मग चंद्राबाईचं नाव. केसर क्षणभर थांबली, पण घेतलं, नीट सुरात घेतलं. “आली,” तुळशीराम म्हणाला.

नावं संपली असं समजून बायका हळदीच्या ताटाकडे वळल्या. केसरचा आवाज थांबला नव्हता.

“ये रे माझ्या विनेशा, बहिणीच्या हळदीला ये. दोन वर्सं चार महिन्यांचा, मायबापाच्या रक्ताचा, ये रे माझ्या विनेशा…”

ताटातला हात ताटात राहिला. वेणूबाईनं पदर तोंडाला लावला. हे नाव आजवर कुणी मांडवात घेतलं नव्हतं आणि ह्याला ओ कुणी द्यायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. केसरनं दुसऱ्यांदा नाव घेतलं. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. ती तुळशीरामकडे बघतही नव्हती.

तुळशीराम खांबाला धरून उभा होता. त्यानं खांब सोडला, दोन पावलं पुढे आला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“आला.”